बाभळीवरचे देव

२१ ऑगस्ट १९८५, बुधवार

ठरलं! विमानवाला साहेब आमच्याकडेच उतरणार. कारण माझं इंग्रजी नव्हे, माझ्या नवऱ्याचं, नानांचं, फवारणी समितीचं अध्यक्षपदही नव्हे. कारण आमचा खुर्चीचा संडास! सबंध गावात तो एकच. नानांच्या गुडघ्यांसाठी बसवला तेव्हा लोक बघायला येत होते. आज सभेत शेजारचा निंबा म्हणाला, ‘‘साहेब लोकसले तसाच लागस. नाना, तुमनाकडेच ठेवा त्यासले.’’ नानांनी अशी मान डोलावली, जणू मानपत्र मिळालं.

कपाशीवर बोंडअळी इतकी की पाठीवरचे पंप मारून मारून माणसं थकली. पाऊसही रुसलेला. म्हणून पाचोऱ्याच्या अलीकडच्या चार गावांनी मिळून विमान बोलावलं. विमान येऊन आमच्या अळ्या मारणार! कॉन्व्हेंटात असताना मी आकाशातून येणाऱ्या देवदूतांची चित्रं रंगवायची. त्यांच्या हातात फवारा कधी दाखवला नव्हता.

२३ ऑगस्ट

आले. कॅप्टन थॉमस कोशी. नानांची जरा निराशाच झाली. त्यांच्या मनात उंच, मिशीवाला, चामडी जाकिटातला माणूस होता. आले ते बुटके, टक्कल पडलेले, पन्नाशी उलटलेले, हातात छत्री आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी. मूळचे केरळातले. मराठी अजिबात नाही, हिंदी माझ्यापेक्षा वाईट.

विमान पिवळं आहे. माळावर खळ्यासारखी सपाट केलेली पट्टी, तिच्यावर ते टोळासारखं बसलंय. निंबाची बायको मंदाबाई हळदकुंकू घेऊन गेली. पंख्यावर नारळ फोडायचा आग्रह! कॅप्टनांनी हात जोडले, ‘‘चाकावर, प्लीज, चाकावर.’’ शेवटी चाकावर फुटला.

२४ ऑगस्ट, शनिवार

आज कितीतरी वर्षांनी सलग तासभर इंग्रजी बोलले. जीभ आधी अडखळली, मग एकदम सुटली. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधून पांढरे मोजे घालून शाळेत जाणारी मुलगी अजून आत कुठेतरी आहे म्हणायची! सिस्टर बर्नाडेट ‘थॉट’ आणि ‘टॉट’ यांतला फरक शिकवायला नाकासमोर मेणबत्ती धरायच्या. लग्न होऊन या गावात आले आणि ते सगळं पेटीत गेलं, मोज्यांसकट. इथे माझ्या उच्चारांचं कौतुक करणारं कोण? नानांना इंग्रजी तीन-चार शब्दांपुरतं येतं. ओके, थँक्यू, सँक्शन, आणि वायर.

कॅप्टनांना विचारलं, भीती नाही वाटत? म्हणाले, ‘‘उंचीची नाही, मॅडम. उंचीवर काहीच नसतं. माझं काम कपाशीच्या शेंड्यापासून पुरुषभर वर. तिथे तारा असतात.’’ मग ते समजावून सांगू लागले. तार वरून दिसत नाही. कधीच नाही. करड्या आभाळात ती केसासारखी विरून जाते. ‘‘म्हणून मी तार शोधत नाही. मी खांब शोधतो. खांब आहे म्हणजे तार आहे. खांब नाही म्हणजे तार नाही. एवढ्या नियमावर मी म्हातारा झालो.’’

मी चहा ओतत होते. आमच्या शिवारात खांब मोजके आणि मोटारी गावभर! जिथे खांब नाही तिथे बाभूळ आहे, बाभूळ नाही तिथे बांबू आहे. मुख्य लाइनीवर आकडा टाकायचा आणि तार नेईल तिकडे न्यायची. वीज तयार होते दीपनगरला, खर्च होते आमच्याकडे. हे पाहुण्याला पहिल्याच दिवशी कसं सांगायचं? तेही अध्यक्षांच्या बायकोने?

आणि आमचीही आहेच. नाल्याकाठच्या विहिरीवर. नाना तिला आकडा म्हणत नाहीत. ‘‘लोक आकडे टाकतात. आपण तात्पुरती सोय केली आहे.’’ ही सोय तात्पुरती होऊन धाकट्याचं लग्न झालं, त्याला मुलगी झाली.

२५ ऑगस्ट

गावात बातमी — उद्या विजेच्या ऑफिसची जीप येणार! खरं तर ती येणार कॅप्टनांना तारांचा नकाशा करायला मदत म्हणून. नानांनी सभेत तसं स्पष्ट सांगितलंही होतं. पण लोकांनी ऐकलं ते एवढंच — वीज, ऑफिस, जीप. संध्याकाळी बघते तर बाया-माणसं शिवारातून तारांची भेंडोळी डोक्यावर घेऊन परत येताहेत, सरपण आणावं तशी!

आमचा सालदार आला, त्याच्याही डोक्यावर भेंडोळं. नाना पेपर वाचत होते. पेपर जरा वर धरला, एवढंच.

२६ ऑगस्ट

जीप आली. पुढे कॅप्टन, मागे खाकी शर्टातला लोटन वायरमन. गावातले निम्मे आकडे लोटनच्याच सल्ल्याने पडलेत, पण खाकी घातली की त्याची स्मरणशक्ती जाते. दिवसभर बांधाबांधाने फिरले. कॅप्टनांनी प्रत्येक खांब लाल शाईने कागदावर घेतला. परत आले ते खूश होऊन. ‘‘इतकं स्वच्छ शिवार मी कुठेच पाहिलं नाही, मॅडम!’’

मी म्हणाले, हो, लोक फार स्वच्छ आहेत.

२७ ऑगस्ट

जीप गेली. सगळ्या मोटारी पुन्हा चालू.

२९ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी पहिलं उड्डाण. सगळं गाव माळावर. विमान निंबाच्या कपाशीवर इतकं खाली गेलं की मंदाबाईने डोळे मिटले. मागे पांढऱ्या धुक्याचा पदर. सुंदर! मग बांधाशी पोचलं आणि एकदम उभं वर चढलं, कुणी शेपटीला चटका दिल्यासारखं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कसरत वाटली त्यांना.

कॅप्टन उतरले ते पांढरेफटक. सदरा घामाने अंगाला चिकटलेला. मला बाजूला नेलं. ‘‘मॅडम, हवेत पक्षी बसले होते.’’

मला कळेना.

‘‘काळे, लांब शेपटीचे. चार-पाच. ओळीने. हवेत कुणी बसत नाही, मॅडम.’’

कोतवाल! कोतवाल पक्षी बसले होते निंबाच्या तारेवर. ते बसले नसते तर — मला पुढे लिहवत नाही. काल रात्री जेवताना हा माणूस माझ्याकडे आमटी मागून घेत होता. आणि मी पहिल्या दिवसापासून गप्प आहे.

३० ऑगस्ट

सभा. कॅप्टन हात जोडून उभे, मी दुभाषी. म्हणाले, मी पोलीस नाही, विजेवाला नाही, कुणाची तार कुठे आहे एवढंच सांगा, मी कुणाला सांगणार नाही. मी ते मराठीत सांगितलं. माझ्याच आवाजाची मला लाज वाटत होती.

सगळ्यांचं लक्ष लोटनच्या खाकी शर्टाकडे.

‘‘तार? कोनती तार?’’ निंबा म्हणाला.

कॅप्टन म्हणाले, मग तुमची मोटर कशावर चालते?

निंबा डगमगला नाही. ‘‘आमनी मोटर हवावर चालस, साहेब!’’ बठ्ठा गाव हसला. मीही भाषांतर केलं — वाऱ्यावर. कॅप्टन गंभीरपणे म्हणाले, ‘‘हॉलंडमध्येही असंच असतं असं ऐकलंय.’’

नाना अध्यक्षांच्या खुर्चीवरून म्हणाले, ‘‘आपल्या गावात बेकायदेशीर तार नाही, हे मी जबाबदारीने सांगतो.’’

घरी आल्यावर कॅप्टन म्हणाले, उद्या सामान बांधतो. त्यांचा दोष नाही. पण विमान गेलं तर कपाशी गेली. आणि राहिलं तर हा माणूस जाईल. दोन्हीकडे बोलायचं मलाच, आणि सांगता येईना काहीच!

३१ ऑगस्ट, शनिवार

सुचलं! अगदी साधं. निंबाच्या बांधावरचा जुना म्हसोबा बघून सुचलं. त्याच्या काठीला नेहमी एक लाल फडकं असतं. कॅप्टनांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं हे काय, आणि देव म्हटल्यावर लांबून वळसा घेऊन गेले होते.

मंदाबाईला गाठलं. निंबापेक्षा तिला चौपट समजतं. म्हटलं, ‘‘तार आहे असं कुणी कबूल करू नका. देव आहे म्हणा. ज्या झाडावरून तार जाते त्या झाडावर झेंडा. दोन्ही टोकांना. तार काढली की झेंडा काढायचा.’’

ती आधी बघतच राहिली, मग पदर तोंडाला लावून हसत सुटली. ‘‘अक्का, तुमी इतलं शिकेल, आनि हाई शिकनात!’’

कॅप्टनांना इंग्रजीत सांगितलं. झेंडा आहे — तार आहे. झेंडा नाही — तार नाही. त्यांनी दोनदा माझ्याकडून वदवून घेतलं, सिस्टर बर्नाडेट पाढे वदवून घ्यायच्या तसं. मग म्हणाले, सामान राहू दे.

२ सप्टेंबर, सोमवार

शिवारात देवांची गर्दी झालीय! बाभळीबाभळीवर फडकी — लाल, भगवी, कुणाच्या लुगड्याची, कुणाच्या धोतराची हळदीत बुडवलेली. काल जिथे नुसता बांबू होता तिथे आज खंडेराव आहे. निंबाला म्हटलं, बांधावरचा जुना ठाऊक आहे, हा बाभळीवरचा म्हसोबा नवा दिसतो. ‘‘नवा कसाना, अक्का? पहिलेपासून शे.’’ त्याने शपथसुद्धा घेतली — त्याच म्हसोबाची!

रुपचंद गुरुजी भेटले. शाळेतून निवृत्त झाल्यावर ते वडिलांची थोडी जमीन बघतात. बौद्धवाड्यातलं सगळ्यात नेटकं घर त्यांचं. त्यांच्या बाभळीवर पंचशील ध्वज. म्हणाले, ‘‘बाई, आमच्याकडे म्हसोबा नाही. देव आम्ही छप्पन्न साली सोडले, आता एका मोटारीसाठी परत कशाला आणू? घरात ध्वज होता, तो लावला. आणि कुणी विचारलं तर तार आहे म्हणूनच सांगणार.’’ मग हसून म्हणाले, ‘‘कनेक्शनचा अर्ज मीही केलाय. तो अजून चालतच येतोय, पाचोऱ्याहून.’’

सगळ्यांचे झेंडे लागले. एक सोडून. नाल्यापलीकडची बाभूळ मोकळी आहे.

रात्री नानांना म्हटलं. ते म्हणाले, ‘‘झेंडा चोरांनी लावायचा. आपल्याला काय गरज? मी सभेत शब्द दिलाय.’’

‘‘माणूस मरेल, नाना.’’

‘‘त्या बाजूला फवारायला नाही सांगू.’’

पण त्या बाजूला आमचीच कपाशी आहे. ती राहिली तर लोक विचारतील, का राहिली?

३ सप्टेंबर

आज नाश्त्याला मी माझ्या नवऱ्याची चहाडी केली. त्यांच्या देखत, त्यांच्याच ताटात पोहे वाढत.

वायर हा शब्द त्यांना कळतो, म्हणून तो टाळायचा होता. मी कॅप्टनांना गोड आवाजात इंग्रजीतून सांगितलं, ‘‘आमच्या विहिरीपासून नाल्यापलीकडच्या मोठ्या बाभळीपर्यंत एक कपडे वाळत घालायची दोरी आहे. जरा उंच आहे. तिच्यावर आम्ही कपडे वाळत घालत नाही.’’

कॅप्टनांचा चमचा थांबला. मग तेही तितक्याच गोड आवाजात म्हणाले, ‘‘अध्यक्षांची दोरी?’’

‘‘अध्यक्षांचीच.’’

नाना हसून मान डोलावत होते. ‘‘काय, शाळेच्या आठवणी का?’’

म्हटलं, हो.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याला न कळेल असं काही त्याच्यासमोर बोलायची ही पहिलीच वेळ. वाईट वाटायला हवं होतं. पोहे मात्र छान लागले.

जाताना कॅप्टन म्हणाले, ‘‘मॅडम, मी लक्षात ठेवीन. पण ताशी शंभर मैलांवर माणसाला फार आठवत नाही. डोळ्यांना काहीतरी हवं. तिथेही एक देव बसवाल का?’’

४ सप्टेंबर

बसवला. माझी मोरपंखी साडी, वापरून विरलेली. सालदाराला झाडावर चढवलं, मोटर आधी बंद करून. आभाळाखाली काय दिसते! इतकी चांगली ती मला कधीच दिसली नव्हती.

दुपारी नाना तणतणत आले. ‘‘आपल्या बाभळीवर देव कुणी बसवला?’’

‘‘मी.’’

‘‘कोणता?’’

तोंडातून निघून गेलं, ‘‘सेंट अँथनी. कॉन्व्हेंटातला. हरवलेल्या वस्तू शोधून देतो. आपला मीटर हरवलाय ना, केव्हापासून!’’

ओसरीवर निंबा बसला होता. तो खाली बघून हसला. नाना नाही हसले. जेवले नाहीत, चहा मात्र घेतला. रागावले की त्यांचं असंच. पण झेंडा काढला नाही. हेही त्यांचं असंच.

७ सप्टेंबर, शनिवार

पहिली फवारणी पूर्ण. एकही ओरखडा नाही. कॅप्टन धुळ्याकडे निघाले, तिकडची गावं करून दुसऱ्या फवारणीला परत येणार. जाताना म्हणाले, ‘‘मी पुष्कळ देशांत उडालो, मॅडम, पण देवांनी ट्रॅफिक सांभाळलेला इथेच पाहिला.’’ लोणच्याची बरणी रिकामी होती. मी आमच्या कैरीच्या लोणच्याने भरून दिली.

घर एकदम शांत झालंय. संध्याकाळी बाहेर उभी राहून एक जुनी इंग्रजी प्रार्थना म्हणून पाहिली. मधल्या दोन ओळी आठवल्या नाहीत. विचारायला आता कोणी नाही.

११ सप्टेंबर

नाना रोज पाचोऱ्याला जाताहेत. कुठे, विचारलं तर ‘काम आहे’. बुशशर्ट इस्त्रीचा.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

चमत्कार! विहिरीवर मीटर बसला! नानांनी सगळ्या ओळखी वापरल्या असणार. कागदावर सही, शिक्का, मंजुरी — सगळं झालं. खांब मात्र नंतर येतील. साहेब म्हणाले म्हणे, ‘‘तार आहे तीच राहू द्या नाना, फक्त आता ती अधिकृत समजा.’’ तीच तार, तीच बाभूळ, तोच नाला. पण अधिकृत!

नाना माझ्यासमोर कागद धरून उभे राहिले, एखाद्या मुलाने प्रगतिपुस्तक दाखवावं तसे. ‘‘सांग तुझ्या अँथनीला, मीटर सापडला.’’ मला त्यांच्याबद्दल एकदम माया आली. एका टोमण्यासाठी या वयात किती हेलपाटे! म्हटलं, सांगते. त्या आनंदात संध्याकाळी त्यांना आवडते म्हणून शेवभाजी केली.

१४ सप्टेंबर, पोळा

बैल रंगवले. रुपचंद गुरुजी नाल्याजवळ भेटले. मीटरचं कळलं होतं. अभिनंदन म्हणाले, अगदी मनापासून. माझीच मान खाली गेली.

१९ सप्टेंबर, गुरुवार

निरोप आला — कॅप्टन उद्या सकाळी येताहेत. धुळ्याकडून थेट, टाकी भरूनच. खाली न उतरता आधी आमच्या नाल्याकडची कपाशी, मग माळावर. मंदाबाई म्हणाली, ‘‘चहा त्यासनाकरता दूधना जास्त करा.’’ मी खोलीला धुतलेली चादर घातली.

२० सप्टेंबर, शुक्रवार

विमान पडलं.

मी चुलीपाशी होते. आवाज आला, ओळखीचा, मग तो आवाज एकदम चिरला आणि थांबला. मंदाबाई ओरडत आली, ‘‘इमान पडनं वं अक्का! तुमना नालावर!’’

पळाले. चप्पल कुठे गेली कळलं नाही. कपाशीत विमान पाठीवर पडलेलं, चाकं वर. त्या चाकाला तार गुंडाळलेली — आमची तार. कुणीतरी मोटारीचा फ्यूज आधीच ओढला होता. कॅप्टनांना बाजेवर घातलं. पाय नको तसा वळलेला. डोळे उघडे. मला बघून म्हणाले, ‘‘मॅडम, तुमचे संत घरी नव्हते.’’

मी वर पाहिलं. बाभूळ मोकळी. साडी नाही.

‘‘मी दोनदा पाहिलं,’’ ते म्हणत होते. ‘‘झाड मोकळं होतं. दोनदा पाहिलं.’’ जळगावला पोचेपर्यंत तेच.

२१ सप्टेंबर

वाचतील. पाय राहील, पण सरळ नाही. बरगड्या मोडल्यात.

नानांना विचारलं, साडी कुठे आहे?

ते म्हणाले, ‘‘काढली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. आपली तार आता कायदेशीर आहे. म्हटलं, चोरांसारखा झेंडा कशाला?’’

मी ओरडले नाही. झेंडा चोरीची खूण आहे असंच ते समजत होते. ती तारेची खूण आहे, तार अधिकृत झाली तरी राहायला हवी, हे त्यांना कुणी सांगितलं होतं? सगळ्या गावाला मी मराठीत सांगितलं, कॅप्टनांना इंग्रजीत. घरात एकदा ‘माणूस मरेल’ म्हटलं, मग फक्त टोमणा मारला.

२५ सप्टेंबर

दवाखान्यात जाऊन आले. कॅप्टनांना पायाची काळजी नाही. चौकशी आहे. चूक वैमानिकाची ठरली तर परवाना जाईल, पुन्हा उडता येणार नाही. मी म्हटलं, मी सांगेन ना, झेंड्याचं सगळं सांगेन! ते हसले. म्हणाले, ‘‘मॅडम, कागदावर कसं दिसेल ते? अनुभवी वैमानिक साडी बघून विमान चालवत होता.’’

विजेवाल्यांचं म्हणणं आधीच तयार आहे. तार अधिकृत होती, कागद आहे, वैमानिकाने नवा नकाशा मागायला हवा होता.

२९ सप्टेंबर, रविवार

उद्या चौकशी. विमानांच्या खात्याचे अधिकारी आणि विजेच्या ऑफिसचे साहेब, दोघेही शिवार बघणार.

संध्याकाळी फिरून आले. शिवारात एकही नवा देव उरलेला नाही. ना म्हसोबा, ना खंडेराव, ना बांबूवरचा कुणी. फडकी गेली, तारा गेल्या. सगळं पुन्हा स्वच्छ! निंबाला विचारलं, तुझा बाभळीवरचा म्हसोबा? ‘‘कोनता म्हसोबा, अक्का?’’ मग माझ्याकडे न बघता हळूच, ‘‘तुमी बी काही बोलू नका. बठ्ठासवर येई.’’

एक ध्वज तेवढा आहे, पंचशीलाचा. गुरुजी म्हणाले, ‘‘मी कशाला काढू, बाई? तार अजून तिथेच आहे.’’

नाना ओसरीवर बसून आहेत. मी काय बोलणार हे त्यांना माहीत आहे. बोलू नको असं मात्र म्हणाले नाहीत.

३० सप्टेंबर, सोमवार

शाळेच्या खोलीत चौकशी. विजेच्या साहेबांनी गुरुजींच्या नावावर लगेच वीजचोरीची नोटीस फाडली. गुरुजींनी झेंड्याचं सांगितलं तर चौकशी अधिकारी म्हणाले, ते धार्मिक निशाण दिसतं, त्याचा इथे संबंध नाही.

मग मी. अधिकारी म्हणाले, इंग्रजीत सांगितलंत तरी चालेल. म्हटलं, नाही, मराठीत सांगते. नाना भिंतीशी बसले होते. सगळं सांगितलं — आकडे, झेंडे, साडी, साडी काढली ते. कुणी काढली तेवढं राहिलं.

लेखनिकाने वाचून दाखवलं: ‘साक्षीदार बाई धार्मिक वृत्तीच्या असून, झाडावरील देवाचा झेंडा काढल्यामुळे विमानास अपघात झाला अशी त्यांची श्रद्धा आहे.’ सही करा म्हणाले. मी पेन खाली ठेवलं.

नाना उठले. गुडघे धरत टेबलापर्यंत आले, पेन उचललं आणि त्याखाली आपल्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं — ‘झेंडा देवाचा नव्हता. तारेची खूण होती. साहेबांनी बरोबर पाहिलं. खूण मी काढली.’